राउटर घेताना खोक्यावरचा आकडा नको, आतला माल पाहा

ताग्यावरची चिठ्ठी वाचून कोणी जाणता व्यापारी माल उचलत नाही. तो तागा उलगडतो, पन्हा मोजतो, पोत हाताने पाहतो आणि मगच भावाचे बोलतो. पण हाच व्यापारी घरासाठी वायफायचा राउटर घ्यायला जातो, तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा पाहतो, अँटेना किती ते मोजतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. महिनाभरात तक्रार सुरू होते की नेट चालत नाही.

हा विषय आता मुलांच्या करमणुकीपुरता राहिलेला नाही. भिवंडी, मालेगावकडे कित्येकांचा व्यवहार घरूनच चालतो. खाली गोदाम, वर बिऱ्हाड. डिझाइनचे फोटो व्हॉट्सॲपवर जातात, पैसे यूपीआयने येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून वर्षाला ५ कोटींहून जास्त उलाढाल असणाऱ्यांना व्यापाऱ्याला विकलेल्या मालाचे ई-इन्व्हॉइस काढणे सक्तीचे झाले. ५० हजारांहून अधिक किमतीचा माल परराज्यात पाठवायचा तर ई-वे बिल लागते. गाडी भरून उभी आहे आणि बिल निघत नाही, अशा वेळी गाडीही जाते आणि गिऱ्हाईकही नाराज होते. म्हणून राउटरबद्दल चार कामाच्या गोष्टी आम्ही व्यापारी बांधवांपुढे ठेवत आहोत.

खरेदीआधी काय विचारावे?

पहिला प्रश्न दुकानदाराला नाही, नेट देणाऱ्या कंपनीला विचारावा. फायबरची जोडणी असेल तर कंपनी जो डबा बसवते त्यातच बहुधा वायफाय असते. घर लहान असेल तर वेगळ्या राउटरची गरजच नसते. गरज असेल तर त्या डब्याला कोणता राउटर चालतो हे आधी विचारून घ्यावे. जुन्या टेलिफोन लाइनवर चालणारा मॉडेम-राउटर फायबरची तार थेट घेत नाही.

दुसरी गोष्ट खोक्यावरच्या आकड्याची. ‘एसी १२००’ असे लिहिलेले असते. तो वेग एका मोबाइलला मिळत नाही. एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची ती बेरीज आहे, तीही कागदावरची. मागच्या बाजूची तारेची पोर्टे मात्र पुष्कळदा १०० मेगाबिटचीच असतात. आता प्लॅन १५० किंवा २०० मेगाबिटचा घेतला आणि पोर्ट १०० चे असले, तर वरचे पैसे दरमहा वाया जातात. म्हणून ‘गिगाबिट पोर्ट आहे का?’ हे आवर्जून विचारावे.

तिसरी गोष्ट दोन पट्ट्यांची. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण वेग कमी आणि गर्दी जास्त. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण एकदोन जाड भिंतींतच दम तोडतो. दोन्ही पट्टे असलेला ‘ड्युअल बँड’ राउटरच घ्यावा. पुष्कळसे प्रिंटर आणि कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात, हेही ध्यानात ठेवावे. घरात माणसे व मोबाइल जास्त असतील तर ‘वायफाय ६’ घेणे फायद्याचे, कारण एकाच वेळी अनेक यंत्रे सांभाळण्याचे काम ते चांगले करते. ‘वायफाय ७’ साठी जास्त दाम मोजण्यापूर्वी आपले मोबाइल आणि लॅपटॉप ते घेतात का, हे पाहावे.

जागा महत्त्वाची

चांगला राउटरही लोखंडी कपाटात, आरशामागे किंवा पाण्याच्या टाकीजवळ ठेवला तर निकामी ठरतो. पत्रा लहरी परतवतो, जाड दगडी भिंत त्या शोषून घेते. राउटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या हवेत ठेवावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच पट्ट्यात काम करतो, त्याच्यापासून दूर बरा. वरच्या मजल्यावर वायफाय पोहोचत नसेल तर पुष्कळजण स्वस्तातला रिपीटर लावतात. तो एकाच पट्ट्यावर घेतो आणि देतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा वर तार नेऊन दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून लावणे उत्तम.

बंद पडल्यास क्रमाने तपासावे

१. एकाच मोबाइलवर अडचण आहे की सर्वांवर? एकाच यंत्रावर असेल तर राउटरला हात लावू नये.

२. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल असेल तर प्रकाश आत येत नाही. तार मुडपली आहे का पाहावे, नाहीतर कंपनीला कळवावे. तारेच्या टोकात डोळा लावून पाहू नये.

३. दोन्ही डब्यांची वीज बंद करावी. अर्ध्या मिनिटाने आधी फायबरचा डबा आणि दोन मिनिटांनी राउटर सुरू करावा.

४. लॅपटॉप तारेने जोडून वेग मोजावा. तारेवर पूर्ण वेग मिळत असेल तर दोष वायफायचा, म्हणजे जागेचा किंवा गर्दीचा. तारेवरही मंद असेल तर कंपनीशी बोलावे. महिन्याची डेटा मर्यादा संपली आहे का, हेही विचारावे.

५. दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर एकमेकांच्या वाटेत येतात. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हीच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. त्यातले मोकळे असेल ते निवडावे.

६. वारंवार आपोआप बंद-चालू होत असेल तर अडॅप्टर तपासावा. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त हवे. वीज जाणाऱ्या भागात राउटरच्या व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज हवी.

७. ‘रीसेट’चे बारीक छिद्र शेवटी, तेही विचार करून दाबावे. रीस्टार्ट आणि रीसेट एक नव्हे. रीसेटने कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड सारे पुसले जाते. सणाच्या आदल्या रात्री ते पुसले गेले तर माणूस येईपर्यंत धंदा बंद.

कुलूप लावायला विसरू नये

गल्ल्याची किल्ली आपण कोणाला देत नाही, पण वायफायचा पासवर्ड मात्र आल्यागेल्याला सांगतो. आपल्या जोडणीवरून कोणी गैरकाम केले तर तपास आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येतो. म्हणून सुरक्षा ‘डब्ल्यूपीए २’ किंवा ‘डब्ल्यूपीए ३’ ठेवावी. जुनी ‘वेप’ पद्धत २००१ पासूनच फोडता येते. राउटरच्या आतल्या पानाचा ‘ॲडमिन’ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. ‘डब्ल्यूपीएस’ बंद करावे. दलाल, गिऱ्हाईक, पाहुणे यांच्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे काढावे, म्हणजे हिशेबाच्या संगणकापर्यंत त्यांची वाट राहत नाही.

आमच्यासारख्या उर्दू माध्यमात शिकलेल्यांना राउटरचे इंग्रजी पान पाहून बिचकायला होते. घरातल्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवावे, एका तासाचे काम आहे. शेवटी एवढेच करावे: ग्राहक क्रमांक, युजरनेम, तक्रारीचा नंबर आणि राउटर घेतल्याची तारीख एका कागदावर लिहून खरेदीच्या पावतीसह तिजोरीत ठेवावी. पासवर्डही त्याच कागदावर असावा, राउटरला चिकटवलेला नसावा.