देऊळ पाडू नका, पण तसेच ठेवूही नका



तुमच्या गावात मारुतीचे जुने देऊळ असेलच. दगडी भिंती, पुढे लाकडी खांबांचा सभामंडप आणि वर मातीचे माळवद. सप्ताह तिथेच बसतो, नवरदेव पाया पडायला तिथेच येतो, गावचा तंटाही तिथेच मिटतो. अशा देवळाला कुदळ लावायची म्हटले की गावात दोन तट पडणारच.

२१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी भागाला भूकंपाचे धक्के बसले. त्यातला मोठा धक्का ४.५ तीव्रतेचा होता. त्यानंतर बियाण्याच्या कामाने मी त्या भागातल्या एका गावी गेलो, तर बैठक देवळाचीच चालली होती. तरुण म्हणत होते, "पाडा आणि स्लॅबचे नवे बांधा." म्हातारी माणसे म्हणत होती, "आज्या-पणज्यांनी बांधले, आजवर एक दगड हलला नाही. हात लावू देणार नाही." तेवढ्यात कडेला बसलेली एक बाई बोलली, "तुमचा तंटा मिटेस्तोवर आमची लेकरे अंगणवाडीला त्याच मंडपात बसतात. त्यांचे काय?" बैठक गप्प झाली.

या प्रश्नाचे उत्तर किल्लारीने देऊन ठेवले आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद (आताचे धाराशिव) भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे घरात झोपली होती. सुमारे ८ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. पुष्कळांनी त्यावरून एकच अर्थ काढला, की दगडाचे घर माणूस मारते. जुनी घरे बळकट करण्यासाठी सरकारी मदत मिळाली, तेव्हाही बऱ्याच जणांनी जुन्या भिंतीला हात न लावता शेजारी नवी खोली बांधली.

पण दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. दोन हात रुंदीची आपली जुनी भिंत एकसंध वाटते, पण ती तशी नसते. आत दगडांची एक रांग, बाहेर दुसरी, आणि मध्ये चिपा व माती. दोन्ही रांगांना जोडणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी नसतो. जमीन हलली की दोन्ही रांगा फाकतात आणि भिंत पोट काढून फुटते.

त्यावर माळवदाचा भार. गळू नये म्हणून दरवर्षी मृगाच्या आधी आपण वर मातीचा थर चढवतो. जुना मात्र काढत नाही. हिशेब करून पाहा. १० फूट रुंद आणि १२ फूट लांब खणावर दीड फूट माती असेल, तर ती सुमारे ८० क्विंटल भरते. ज्वारीची ८० पोती डोक्यावर टांगून आपण खाली कीर्तन ऐकत असतो!

म्हणून दोन्ही तटांना माझे सांगणे आहे. म्हाताऱ्या माणसांनो, आजवर पडले नाही हा पुढचा भरवसा नव्हे. आणि तरुणांनो, मातीतल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकणे हा सर्वांत वाईट उपाय. भार वाढतो, भिंत होती तशीच कच्ची राहते. वरून गुळगुळीत गिलावा केला तर दोष फक्त झाकला जातो.

मग करावे काय? जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखाली चार कामे करावीत.

पहिले, माळवदावरची जादा माती उतरवा. मातीच्या दोन थरांमध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद घातला, तर पातळ थरातही गळती थांबते.

दुसरे, भिंतीत साधारण दर तीन-चार फुटांवर एकेक दगड हलक्या हाताने सोडवून आरपार भोक पाडा. त्यात लोखंडी सळई ठेवून काँक्रीट भरा. म्हणजे आतली आणि बाहेरची रांग एकमेकींना धरून राहील. घण मारून भोक पाडू नका, भिंत खिळखिळी होईल.

तिसरे, भिंतींना चहूबाजूंनी सळई-काँक्रीटचा पट्टा बांधा. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव कशाला चढवतात? लाकडाचे तुकडे फाकू नयेत म्हणून. पट्ट्याचे कामही तेच.

चौथे, मंडपातल्या खांब आणि तुळईच्या जोडावर तिरपे लाकडी टेकू द्या. वाळवी लागलेला खांब बदला. भिंतीत उगवलेला पिंपळ लहान असतानाच काढा आणि पावसाचे पाणी पायापासून दूर वळवा.

देऊळ फारच जुने असेल, तर ते पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहे का हे आधी विचारा. असल्यास त्यांच्या परवानगीशिवाय दगडालाही हात लावता येत नाही. आणि अभियंत्यानेच भिंत सुधारण्यापलीकडे गेली असे सांगितले, तर हट्ट धरू नका. दगडांवर खुणा करून ती उतरवा आणि त्याच दगडांनी, आरपार दगड घालून, पुन्हा रचा.

आणखी एक. २०२४ च्या धक्क्यांनंतर प्रशासनाने पत्र्यावर ठेवलेले दगड काढायला सांगितले होते. वाऱ्याने पत्रे उडू नयेत म्हणून आपण दगड ठेवतो, धक्क्याने तेच झोपलेल्या माणसावर येतात. पत्रे आकड्यांनी आणि बोल्टांनी आवळून घ्या.

रब्बीची रास घरी आली की मृगापर्यंत हाताला सवड असते. हे काम त्याच दिवसांत होते. त्याआधीच्या ग्रामसभेत विषय मांडा, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा अभियंता बोलवा, वर्गणीचा आकडा त्याच्या अंदाजपत्रकावरून ठरवा. बायाबापड्यांनाही सभेला बसवा, कारण मंडपात लेकरे त्यांची असतात. आणि काम पुरे होईपर्यंत अंगणवाडी आजच दुसऱ्या सुरक्षित जागी हलवा. त्यासाठी कुणाच्या मंजुरीची वाट पाहू नका.