पोथीतला सूर

उन्हाळ्याच्या सुटीत मी मावशीकडे बडोद्याला जाणार, हे आमच्या संस्कृतच्या सरांना कळले, तेव्हा त्यांनी मला व्हरांड्यातच थांबवले. म्हणाले, “बडोद्याला जातेस, तर नुसता मंगळ बाजार पाहून परत येऊ नकोस. प्राच्यविद्यामंदिरात जाऊन ये. गाणे शिकतेस ना? मग गाणे कुठे ठेवलेले असते, तेही एकदा पाहा.”

‘गाणे कुठे ठेवलेले असते’ हा शब्दप्रयोग मला तेव्हा चमत्कारिक वाटला. गाणे म्हणजे का डब्यातले लाडू, की कुणी फडताळात ठेवावेत? परंतु बडोद्याला गेल्यावर या प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. त्याच प्रश्नाचा मागोवा घेत वाचकांना थोडे हिंडवून आणावे, एवढाच या लेखाचा हेतू.

मावशीचे घर दांडिया बाजारात. मराठी माणसांची ही जुनी वस्ती. सयाजीराव गायकवाडांच्या या नगरीत ‘महाराजा सयाजीराव विद्यापीठ’ १९४९ साली स्थापन झाले आणि संस्थानाच्या काळात उभ्या राहिलेल्या अनेक विद्यासंस्था त्याच्या छत्राखाली आल्या. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या. पहिली प्राच्यविद्यामंदिर, म्हणजे हस्तलिखितांचे भांडार. दुसरी गायनशाळा, जिचे रूपांतर आता विद्यापीठाच्या संगीत-नृत्य-नाट्य विभागात झाले आहे. पहिल्या ठिकाणी संगीताचे शास्त्र ठेवलेले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी ते गळ्यात उतरवण्याची खटपट चालते. एकाच विद्यापीठात या दोन्ही गोष्टी नांदाव्यात, हा योग दुर्मिळच म्हणायचा.

प्राच्यविद्यामंदिरात सत्तावीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. तेथील एका वयस्क गृहस्थांनी माझी उत्सुकता पाहून एक ताडपत्राची पोथी सोडून दाखवली. ती संगीताची नव्हती, कुठल्याशा स्तोत्राची होती. पण ताडपत्रावर लिहितात कसे ते मला प्रथमच कळले. लोखंडी अणकुचीदार लेखणीने अक्षर पानावर कोरायचे आणि मग त्यावर काजळी चोळायची. कोरलेल्या रेषांत काजळी बसते, बाकीची पुसली जाते. ओल, वाळवी आणि माणसाचा निष्काळजीपणा हे पोथीचे तीन शत्रू, असे ते गृहस्थ म्हणाले. “पहिल्या दोघांवर औषध आहे,” एवढेच पुढे बोलून त्यांनी पोथी पुन्हा बांधली.

येथूनच १९१६ पासून ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला निघू लागली. भरताचे नाट्यशास्त्र अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’ या टीकेसह प्रथम छापले गेले ते याच मालेत. अभिनवगुप्त काश्मीरचा, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या टीकेची हस्तलिखिते सापडली मात्र मलबारात! जे काश्मिरात लिहिले गेले ते केरळात टिकले आणि बडोद्यात छापले गेले. संपादक रामकृष्ण कवी यांना मिळालेल्या प्रती अतिशय अशुद्ध होत्या. सातव्या अध्यायाच्या बऱ्याच भागावरील आणि आठव्या अध्यायावरील टीका तर मिळालीच नाही. पहिला खंड १९२६ साली निघाला आणि संगीताचे अध्याय ज्यात आहेत तो चौथा खंड १९६४ साली. अडतीस वर्षे! कवी १९५७ मध्येच वारले. तो खंड त्यांना छापील रूपात पाहायला मिळाला नाही.

या चौथ्या खंडात अठ्ठाविसावा अध्याय आहे. त्यातला एक प्रयोग येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. सप्तकात बावीस श्रुती असतात हे आपण परीक्षेपुरते पाठ करतो. पण बावीसच का? भरत म्हणतो, दोन वीणा घ्या आणि त्या अगदी सारख्या जुळवा. एक तशीच राहू द्या. दुसरीचा पंचम किंचित उतरवा आणि मग तिचे बाकीचे स्वरही त्या मानाने उतरवून घ्या. झाली एक श्रुती कमी. आता तीच वीणा पुन्हा तितकीच उतरवा. या वेळी तिचे गंधार आणि निषाद पहिल्या वीणेच्या रिषभ-धैवतांशी जाऊन मिळतात. याचा अर्थ, गंधार-निषाद दोन-दोन श्रुतींचे. तिसऱ्यांदा उतरवल्यावर रिषभ-धैवत हे षड्ज-पंचमांशी मिळतात, म्हणून ते तीन-तीन श्रुतींचे. चौथ्यांदा षड्ज, मध्यम आणि पंचम हे निषाद, गंधार आणि मध्यमांशी मिळतात. ते चार-चार श्रुतींचे. आता बेरीज करा: चार त्रिक बारा, तीन दुणे सहा आणि दोन दुणे चार. एकूण बावीस. घोकून कंटाळा आलेल्या या आकड्यामागे कुणाचा तरी कान आहे आणि तार पिळणारा हात आहे, हे वाचनालयाच्या त्या बाकावर बसून उमगले, तेव्हा मला खरोखर गहिवरून आले.

पण एक अडचण राहिलीच. हा प्रयोग वाचून त्या काळचा एकही सूर मला ऐकू आला नाही. शास्त्र टिकले, गाणे कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी मी सूरसागर तलावाकाठी संगीत विभागाकडे गेले. गायनशाळा १८८६ साली सुरू झाली आणि तिचे प्रमुख होते मौलाबक्ष. सर्वसामान्यांच्या मुलांना वर्गात बसवून, फळ्यावर लिहून गाणे शिकवायचे, ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती. चीज ही घराण्याची ठेव. ती शिष्याला मिळायची तीही सेवा करून, ओळी-ओळीने. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची स्वतःची पद्धत तयार केली आणि मुलांसाठी पुस्तके लिहिली. (सूफी संत व गायक हजरत इनायत खान हे त्यांचे नातू, त्यांचा जन्म बडोद्याचाच.) पुढे मार्च १९१६ मध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही सयाजीरावांच्या आश्रयाने बडोद्यातच. गुरूच्या गळ्याबरोबर मातीत जाणाऱ्या शेकडो चिजा भातखंड्यांनी कागदावर उतरवून घेतल्या, हे त्यांचे आपल्यावरचे ऋण आहे.

तरीही स्वरलिपी म्हणजे गाणे नव्हे. मींड दाखवायला वर कंस काढता येतो, पण त्या कंसात किती वेळ रेंगाळायचे हे कोण सांगणार? आमच्या गाण्याच्या बाई मी वही उघडली की म्हणतात, “ती मीट आधी. वहीतले घरी बघ, इथे ऐक.” वही ही विसरलेले आठवण्यासाठी; जे कधी ऐकलेच नाही ते वही देऊ शकत नाही.

मग उरते ध्वनिमुद्रण. बडोदे दरबारचे गवई उस्ताद फैयाजखाँ १९५० साली वारले. त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आजही ऐकायला मिळतात. परंतु त्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. ज्यांची आलापी मैफलीत तासभर चाले, त्यांना तेवढ्या अवकाशात राग मांडून मोकळे व्हावे लागे. तबकडी सूर जपते, मैफल जपत नाही. थोडक्यात, पोथीत शास्त्र राहते, वहीत सांगाडा राहतो, तबकडीत आवाज राहतो. तिन्ही एकत्र आली तर गाणे थोडेफार हाती लागते. आणि जिथे तिन्हींपैकी एकही नाही, तिथे ते गेलेच म्हणून समजावे.

माझा शेवटचा दिवस पुन्हा प्राच्यविद्यामंदिराच्या ग्रंथमालेत गेला, आणि तिथे मला माझी आजी भेटली! गंमत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१, म्हणजे इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारे काही आहे. याच ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी तो तीन खंडांत संपादित केला: १९२५, १९३९ आणि १९६१. त्यातल्या गीतविषयक भागात राजा सांगतो की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात.

ज्ञानेश्वरी १२९० सालची. तिच्याही आधी दीडशेहून अधिक वर्षे, उखळाशी मुसळ घेऊन उभ्या असलेल्या कुणा अनाम बाईची ओवी एका राजाने ऐकली आणि संस्कृत ग्रंथात तिची नोंद केली. पंडितांच्या प्रबंधांच्या पंगतीला तिला पाट मिळाला. मी ते वाक्य तीनदा वाचले. राजाने ओवीचे नाव लिहिले, ती कोण गाते ते लिहिले, कधी गाते ते लिहिले. चाल तेवढी राहिली; ती लिहिता येण्यासारखी नव्हती.

आणि तेव्हा मला माझा स्वतःचा अपराध आठवला. माझी आजी जात्यावर आणि उखळाशी ओव्या म्हणायची. मी अकरावीत असताना मराठीच्या प्रकल्पासाठी तिच्याकडून त्रेसष्ट ओव्या उतरवून घेतल्या. ती म्हणायची, “अगं, अशी नुसती सांगता येत नाही. हात फिरला की येते.” जाते तेव्हा माळ्यावर गेले होते. मी म्हटले, “आजी, चाल राहू दे, तू शब्द सांग.” तिने मुकाट्याने शब्द सांगितले. प्रकल्पाला चांगले गुण मिळाले. मोबाईल माझ्या हातातच होता. तो ध्वनिमुद्रणासाठी वापरावा हे मला सुचलेही नाही. त्या वर्षीच्या थंडीत आजी गेली.

बडोद्याहून परतल्यावर मी ती वही आईपुढे ठेवली. आईने पाने उलटली, दोन-चार ओळी गुणगुणून पाहिल्या आणि म्हणाली, “एकच चाल नक्की आठवते. बाकीच्या आईच्या गळ्यात होत्या.” त्रेसष्टांतली एक! त्या रात्री मी ती आईकडून म्हणवून घेतली आणि ध्वनिमुद्रित केली. मागे पंख्याचा आवाज येतो आहे आणि मधेच आई हसते, पण आहे.

असे काम मोठ्या प्रमाणावर झालेलेही आहे. गी पॉयतवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने खेडोपाडी हिंडून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. तेवढे आपल्याला जमणार नाही. परंतु आपल्या महाविद्यालयात दूरदूरच्या खेड्यांतून आलेले विद्यार्थी आहेत आणि बहुतेकांच्या घरी एखादी आजी, एखादी आत्या अजून आहे. येत्या सुटीत प्रत्येकाने दहा ओव्या चालीसकट ध्वनिमुद्रित करून आणल्या, आणि गाणारीचे नाव, गाव व तारीख लिहून त्या आपल्या ग्रंथालयात ठेवल्या, तर तेही एक लहानसे भांडारच होईल. प्राचार्यांनी व ग्रंथपालांनी या सूचनेचा विचार करावा, अशी या निमित्ताने नम्र विनंती करते.

सरांना मी हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग, गाणे कुठे ठेवलेले असते ते कळले का?” मी उत्तर देण्याऐवजी मोबाईल त्यांच्या कानाशी धरला. पंख्याची घरघर, आईची ओवी, आणि मधेच तिचे हसू. सर डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, “दुसरी कुणाला येते का, पाहा.”

मामेआजी अजून आहे. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे जाणार आहे. जाते माळ्यावरून खाली काढून ठेवायला निरोप धाडला आहे.