यंत्रावरची गोधडी

दिवाळीच्या झाडलोटीत घरोघरी कपाटे उघडली जातात आणि प्रत्येक कपाटातून जुन्या कपड्यांचे एक गाठोडे हमखास निघते. विटलेले पातळ, कोपरावर विरलेला सदरा, मुलीला आखूड झालेला परकर! टाकून द्यायला जीव होत नाही आणि ठेवायला जागा नाही. आपल्या आज्यापणज्यांनी या पेचातून कधीच वाट काढली होती. ती वाट म्हणजे गोधडी, कुठे तिलाच वाकळ म्हणतात.

ठिगळांची लाज वाटण्याचे कारण नाही. चिंध्या अंगावर मिरवूनच गाडगेबाबांना लोक ‘गोधडेबुवा’ म्हणू लागले होते. अडचण आहे ती वेळेची. हाताने धावदोरा घालायचा तर दुपारच्या दुपारी जातात, आणि नोकरी करणाऱ्या गृहिणीला दुपार असतेच कुठे? मग कोपऱ्यातल्या शिलाईच्या यंत्राला का हाक मारू नये?

‘यंत्रावरची ती कसली गोधडी!’ असे कुणी म्हणेल. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाईच्या यंत्राला अपवाद मानले होते. बायकोचे कष्ट वाचावेत या मायेतून ते जन्मले, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा यंत्राने माया आटते, ही भीती सोडून द्यावी.

पहिली गोधडी लहान मुलापुरतीच करावी. कापड सुतीच घ्यावे. टेरिलीन घाम शोषत नाही. सारे तुकडे आधी धुवावेत. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून ज्याचा रंग लागेल, तो तुकडा बाजूला ठेवावा. मग पुठ्ठ्याचा ६ इंची चौकोन करून त्याच्या मापाने ५६ तुकडे कापावेत. गडद आणि फिके तुकडे आलटून पालटून जमिनीवर मांडून पाहावेत. या कामाला मुलांना जरूर बोलवावे.

सात-सात तुकड्यांच्या आठ पट्ट्या जोडाव्यात. प्रत्येक जोडाला अर्धा इंच शिवण धरावी, म्हणजे चौकोन ५ इंचांचा उरतो. एका पट्टीच्या शिवणी उजवीकडे आणि पुढच्या पट्टीच्या डावीकडे मोडून इस्तरी करावी. नाहीतर चौकात कापडाची गाठ होते आणि सुई अडते. पट्ट्या एकमेकींना जोडल्या की ४१ इंच लांब व ३६ इंच रुंद असा दर्शनी भाग तयार होतो.

खाली जुन्या साडीचे अस्तर, मध्ये धोतराचे दोन पदर आणि वर हा दर्शनी भाग, असे थर मांडावेत. खालचे थर चहूबाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवावेत. साडीचा पन्हा ४५ इंचांचा असला तर अस्तराला जोड लागत नाही. मधून कडांकडे हात फिरवीत सुरकुत्या काढाव्यात आणि टाचण्या लावाव्यात. यंत्राला १६ नंबरची सुई घालावी आणि इंचाला सात-आठ टाके पडतील अशी लांब टीप ठेवावी. आधी तेवढ्याच थरांच्या एका तुकड्यावर टीप पाहून घ्यावी. पहिली टीप मधल्या जोडावरून मारावी, मग दोन्ही बाजूंना सरकावे. कडेपासून आरंभ केला तर मध्ये कापडाचा फुगा येतो. टिपा फार जवळ घालू नयेत. गोधडी पुठ्ठ्यासारखी ताठ होते. शेवटी जादा कापड कापून साडीच्या काठाचा गोट लावावा. त्याला सव्वाचार वारांहून थोडा अधिक काठ पुरतो.

घरातले वडीलधारे माणूस गेले की त्यांचे कपडे देऊन टाकण्याची घाई होते. द्यावेत, पण एखादे धोतर, एखादे लुगडे मागे ठेवावे. वर्षानुवर्षे धुऊन आलेला त्याचा मऊपणा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही, आणि आजकालच्या मिश्र धाग्यांच्या कपड्यांना तो कधी येणारही नाही. टाका हाताचा की यंत्राचा, हे पांघरणाऱ्या नातवाला कळणार नाही. पण ‘हा चौकोन कुणाचा?’ असे तो विचारील, तेव्हा सांगण्यासारखे काहीतरी आपल्यापाशी असेल.