रस्ता आंखण्यापूर्वीं

१९१७ सालची गोष्ट. इंदूरच्या अरुंद बोळांतून पांढऱ्या दाढीचा एक साहेब हातांत नकाशा घेऊन हिंडूं लागला. त्याला पाहतांच बायका मुलांना ओढून घरांत नेत. हें काय, म्हणून त्यानें सोबतच्या माणसास विचारलें, तेव्हां कळलें कीं, प्लेग आणणारा साहेब अशी आपली ख्याति झाली आहे!

हे गृहस्थ म्हणजे प्रोफेसर पॅट्रिक गेडीस. राहणारे स्कॉटलंडचे, विद्येनें वनस्पतिशास्त्रज्ञ आणि ध्यासानें नगररचनाकार. १८८६ सालीं लग्न झाल्यावर हें जोडपें एडिंबरोच्या जुन्या भागांतील एका मोडकळीस आलेल्या वस्तींत मुद्दाम राहावयास गेलें, आणि शेजाऱ्यांस हाताशीं घेऊन त्यांनीं तेथील घरें व अंगणें सुधारलीं. १९१४ सालीं त्यांचें नगररचनेचें प्रदर्शन घेऊन हिंदुस्थानाकडे येणारें जहाज 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेनें बुडविलें. मित्रांनीं दुसरें साहित्य जमवून दिलें, आणि पुढच्याच वर्षीं मद्रासेस तें प्रदर्शन भरलें. परंतु नियतीचा खरा घाला पुढें होता. १९१७ मध्येंच त्यांचा थोरला मुलगा फ्रान्सांतील रणांगणावर पडला, आणि कांहीं आठवड्यांतच पत्नीनेंही याच देशांत देह ठेविला. इंदूरची दिवाळी आली ती यानंतर.

गेडीस यांचें म्हणणें असें कीं, रोग्यास तपासल्यावांचून औषध देणारा जसा वैद्य नव्हे, तसा गल्लीगल्लींतून पायीं हिंडल्यावांचून रस्ता आंखणारा नगररचनाकार नव्हे. शस्त्रवैद्य सडलें असेल तेवढेंच कापतो. सबंध पाय तोडीत नाहीं. व्यंकोजीराजांच्या वंशजांचें तंजावर! तेथील किल्ल्यांतील वस्तींतून बुद्धिबळाच्या पटासारखे सरळ रस्ते काढण्याची योजना तयार होती. गेडीस यांनीं दाखवून दिलें कीं, चार पडकीं घरें काढून मोकळी जागा केली, बोळ थोडे सांधले आणि झाडें लाविलीं, म्हणजे हवा, उजेड आणि चालण्याची सोय हीं तिन्ही मिळतात. शिवाय खर्च येतो सुमारे एक षष्ठांश. बोळ वांकडा आहे एवढ्यावरून तो अडाणी ठरत नाहीं. उन्हाळ्यांत त्याच्या सांवलींतून बाजारास जाणाऱ्या गृहिणीस हें समजावून सांगण्याची गरजच नाहीं.

पण लोकांच्या मनांतील भीति जावी कशी? इंदुरांत प्लेगचा कहर होता. गेडीस यांनीं होळकर महाराजांकडे एक दिवसाचें राजेपण मागून घेतलें आणि दवंडी पिटविली कीं, यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमींच्या वाटेनें जाणार नाहीं. ज्या गल्लींतील घरें झाडून, सारवून, दुरुस्त करून अधिकांत अधिक स्वच्छ होतील, त्या गल्लींतून ती जाईल. मग काय विचारतां! माळ्यांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कचरा बाहेर पडला. मिरवणुकींत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा अजस्र उंदीर होता, आणि लक्ष्मीच्या जागीं खुद्द इंदूर नगरी देवता होऊन बसली होती. आणि झाडूवाले! नवीं वस्त्रें नि फुलांचे हार घातलेले, आपल्या रंगविलेल्या गाड्यांसह तेही मिरवणुकींत मानानें चालत होते. ज्यांची सांवलीही नको असे मानणाऱ्या घरांच्या दारांवरून ते गेले असतील. आमच्या वाचकांच्या आजोळींही अशीं घरें होतींच, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. शेवटीं राक्षस आणि उंदीर यांचें दहन झालें व घरोघर लावण्यास तुळशीचीं रोपें वांटलीं गेलीं. त्यानंतर प्लेग हटला, असें गेडीस सांगत. तें श्रेय मिरवणुकीचें किती आणि ऋतुमानाचें किती, यांत आम्ही पडत नाहीं. लोक साहेबाला भिईनासे झाले, एवढें आम्हांस पुरे वाटतें. इंदुराविषयींचा त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ सालीं निघाला. पुढल्याच वर्षीं मुंबई विद्यापीठानें त्यांस समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक नेमलें.

हें सर्व आज आठवण्याचें कारण घरचेंच आहे. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्याचा कांहीं भाग २०२१ पासून दर ११ डिसेंबरला वाहनांस बंद करून पादचाऱ्यांस मोकळा करतात. त्या दिवशीं नातवंडाचें बोट सोडून चालतां येतें, हें सुख मोठें. पण तें वर्षांतून एक दिवसाचें. उरलेल्या दिवसांचा निकाल नकाशांत लागतो. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्यानें विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागविल्या जातात. नोटीस मात्र आमच्यापैकीं कितीजण वाचतात?

आम्हीही वाचीत नव्हतों. आमच्या आळींतील रस्ता रुंद होणार असें कानीं आलें तेव्हां कचेरींत जाऊन नकाशा पाहिला. त्यांत रेषा अगदीं सरळ होती. पिंपळाचा पार तींत नव्हता, आणि पारावर टेकत टेकत देवळास जाणाऱ्या चार म्हाताऱ्याही अर्थात्‌ नव्हत्या. तेव्हां आळींतील बायकांनींच वही घेतली. कोण कोठें पायीं जातें, कोठें थांबतें, पावसाळ्यांत पाणी कोठें सांचतें, तें घरोघर विचारून लिहिलें, आणि मुदतीच्या आंत हरकत दाखल केली. सुनावणीची तारीख अद्याप लागावयाची आहे.