जुन्या लॅबसाठी दोन डिस्क

सकाळी ७

रात्री लावलेलं डाउनलोड पूर्ण झालंय. आज नारायणगावजवळच्या एका माध्यमिक शाळेची कुलूप लागलेली कॉम्प्युटर लॅब पुन्हा चालू करून द्यायची आहे. मशीन दोन पिढ्यांची आहेत. काही कोअर टू ड्युओ आणि त्याहून जुनी काही पेन्टियम फोर. सगळ्यांवर विंडोज ७ किंवा एक्सपी. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं, ते इथे कुठून येणार? म्हणून लिनक्स, आणि त्यातलं डेबियन.

इमेज दोन घेतल्या. कोअर टू ड्युओसाठी डेबियन १३, ६४ बिट. पेन्टियम फोरसाठी डेबियन १२, ३२ बिट. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ सोबत ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर दिलेलाच नाही. त्यामुळे जुन्या मशीनना एक पायरी मागेच थांबावं लागतं. दोन्ही पूर्ण डीव्हीडीच्या इमेज आहेत, पावणेचार जीबीच्या आसपास. नेटवरून इन्स्टॉल होणारी छोटी इमेजही मिळते, पण शाळेतल्या नेटच्या भरवशावर इन्स्टॉलेशन सुरू करणं मला पटत नाही. अर्ध्यात नेट गेलं की जुनी सिस्टिम पुसलेली आणि नवी आलेली नाही, अशा अवस्थेत मशीन अडकतं.

चहाच्या आधी चेकसम. इमेजसोबत त्याच फोल्डरमध्ये एक छोटी यादी असते. प्रत्येक फाइलच्या नावापुढे ६४ अक्षरांची ओळ. टर्मिनलमध्ये कमांड दिली की माझ्याकडच्या फाइलची तशीच ओळ निघते, आणि ती यादीतल्या ओळीशी जुळली पाहिजे. तीनचार जीबीमधला एक बिट जरी बदलला असेल तरी ओळ पूर्ण वेगळी येते, थोडीशी नव्हे. ती यादीही डेबियनच्या डिजिटल सहीने येते, तीसुद्धा तपासून घेतो. लोक हे टाळतात, कारण फाइल उघडते, चांगली दिसते. पण खराब झालेला भाग नेमका एखाद्या पॅकेजच्या पोटात असतो आणि इन्स्टॉलर सत्तर टक्क्यांवर जाऊन थांबतो. तोवर हार्ड डिस्क फॉरमॅट झालेली असते.

दोन्ही जुळल्या.

सकाळी ८

आता राइट करणं. माझ्या दुकानात येणाऱ्यांपैकी बरेच जण सांगतात, ‘दादा, मी आयएसओ डीव्हीडीत टाकली, पण बूटच होत नाही.’ डिस्क लावून बघावं तर आत एकच फाइल, शेवटी आयएसओ लिहिलेलं. फाइल कॉपी झालेली असते, इमेज राइट झालेली नसते. हा फरक एकदा नीट कळला की आयुष्यभर पुरतो.

इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत घेतलेली नक्कल. एक सेक्टर २०४८ बाइटचा. शून्यापासून मोजलं तर पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२ केबी, सिस्टिमसाठी राखून ठेवलेले असतात. सोळाव्यात डिस्कची ओळख असते. सतराव्या सेक्टरमध्ये बूट रेकॉर्ड असतो आणि त्यात साध्या रोमन अक्षरांत ‘एल टोरिटो स्पेसिफिकेशन’ असं लिहिलेलं असतं. फीनिक्स आणि आयबीएम यांनी १९९५ मध्ये ठरवलेली ही पद्धत. मशीन चालू होताना बायोस थेट तो सेक्टर वाचतो आणि तिथल्या पत्त्यावरून बूट लोडर उचलतो. फाइल नुसती कॉपी केली तर ही सगळी रचना त्या फाइलच्या आत कुठेतरी राहते, डिस्कच्या सतराव्या सेक्टरमध्ये नाही. बायोसला ती सापडणार कशी?

म्हणून के३बी या डिस्क राइट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इमेज राइट करा’ हाच पर्याय निवडायचा. विंडोज ७ पासून पुढे तर फाइलवर राइट क्लिक करूनही हे होतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही.

वेग ४ एक्स ठेवतो. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी, त्यामुळे पावणेचार जीबीला बारा मिनिटांच्या आसपास लागतात. सोळा एक्सवर काम लवकर उरकतं, पण मला ही डिस्क माझ्या चांगल्या ड्राइव्हमध्ये चालवायची नाही. ती पंधरा वर्षं धूळ खाल्लेल्या ड्राइव्हमध्ये वाचली जायला हवी. लेझरच्या उष्णतेने डिस्कमधल्या रंगाच्या थरावर खुणा उमटतात. त्या जितक्या स्वच्छ, तितकं अशक्त लेन्सला वाचणं सोपं. माझ्या ड्राइव्हला आणि पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या या कोऱ्या डिस्कना चार एक्स मानवतो, हा अनुभव आहे.

राइट झाल्यावर व्हेरिफाय. सॉफ्टवेअर डिस्क पुन्हा पूर्ण वाचतं आणि मूळ इमेजशी ताडून बघतं. वेळ आणखी जातो, जाऊ दे.

पेन ड्राइव्ह का नाही, असं सगळे विचारतात. नव्या लॅपटॉपला तोच वापरतो. त्यात डीव्हीडी ड्राइव्हच नसतो, आणि उबुंटूच्या डेस्कटॉपची इमेज आता ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावतही नाही. पण पेन्टियम फोरच्या काळातले कितीतरी बायोस पेन ड्राइव्हवरून बूट करायला तयार होत नाहीत. आणि शाळेच्या कामात मला डिस्कचा एक गुण फार मोलाचा वाटतो. एकदा राइट होऊन बंद झालेल्या डीव्हीडी-आरवर कुठल्याही मशीनमधला व्हायरस काही लिहू शकत नाही. लॅबमध्ये पेन ड्राइव्ह या मशीनमधून त्या मशीनमध्ये फिरतो आणि दुखणं सोबत नेतो. डिस्क पहिल्या मशीनमध्ये जशी होती तशीच शेवटच्या मशीनमध्ये असते.

सकाळी १०

शाळेत पोचलो. कॉम्प्युटरच्या मॅडम लॅबमध्येच होत्या.

‘मॅडम, बॅकअप घेतलाय ना?’

‘निकालपत्रकं घेतलीत दादा. बाकी काही नसेल बहुतेक.’

हे ‘बहुतेक’ ऐकलं की मी थांबतो. कपाटातली एक्स्टर्नल हार्ड डिस्क मागवली आणि प्रत्येक मशीनचं डेस्कटॉप, माय डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह तपासत बसलो. एका मशीनमध्ये शाळा सोडल्याच्या दाखल्यांचं अनेक वर्षांचं फोल्डर निघालं. दुसऱ्यात स्नेहसंमेलनाचे फोटो, जे आणखी कुणाकडेच नव्हते. मॅडमनी ते तिथेच उघडून बघितले.

दाखल्यांच्या फायली वेगळी काळजी मागतात. त्या युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. आत रोमन अक्षरं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर पडद्यावर अर्थहीन अक्षरांचा ढीग दिसतो आणि लोकांना वाटतं लिनक्सने फाइल बिघडवली. मॅडमना म्हटलं, मूळ फायली जपून ठेवा आणि दाखले आजच पीडीएफ करून घेऊ. पुढचं सगळं टायपिंग मात्र युनिकोडमध्येच.

सकाळी ११:३०

पहिलं पेन्टियम फोर. डिलीट दाबून बायोसमध्ये गेलो तर तारीख १ जानेवारी २००४. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. तो बदलल्याशिवाय बूटचा क्रम लावून काही उपयोग नाही, प्लग काढला की मशीन सगळं विसरतं. शिवाय तारीख इतकी मागची असेल तर ब्राउझर सुरक्षित साइट उघडतच नाही, कारण त्यांची सर्टिफिकेटं त्याच्या लेखी अजून सुरूच झालेली नसतात. पुष्कळ मशीन ‘नेट चालत नाही’ म्हणून कोपऱ्यात पडून राहतात ती एवढ्याशा सेलपायी. डब्यातले सेल काढून सगळ्यांचे बदलले.

बूट ऑर्डरमध्ये डीव्हीडी वर, हार्ड डिस्क खाली. सेव्ह केलं. ड्राइव्ह घरघरला, क्षणभर काळा पडदा, मग डेबियनचा मेन्यू. ग्राफिकल इन्स्टॉल घेतलं की भाषांच्या यादीत मराठी येते. साध्या टेक्स्ट मोडमध्ये देवनागरी दाखवता येत नाही, म्हणून ग्राफिकलच घ्यायचं. मागे उभ्या शिपाईमामांनी पडद्यावरची मराठी वाचली आणि म्हणाले, ‘हे तर मलाबी करता येईल.’ पुढच्या मशीनवर त्यांनाच बसवलं. पार्टिशनच्या पायरीवर तेवढं मी शेजारी थांबलो, कारण तिथलं ‘पुढे’ दाबलं की मागे येता येत नाही.

दुपारी १:३०

एका मशीनचा ड्राइव्ह डिस्क घेतो, फिरवतो आणि सोडून देतो. लेन्स हलक्या हाताने पुसली तरी तेच. तीच डिस्क शेजारच्या मशीनमध्ये नीट वाचली गेली, म्हणजे दोष ड्राइव्हचा. सकाळच्या व्हेरिफायचा इथे उपयोग होतो. डिस्कवर शंका घेण्यात तास जात नाही. काम झालेल्या मशीनचा ड्राइव्ह काढला, मागचा जम्पर मास्टरवर आहे ना ते बघितलं, पट्टीची आयडीई केबल लावली. बूट झालं.

जेवण शाळेतच, मशीनकडे एक डोळा ठेवून.

दुपारी ४

पेन्टियम फोरवर हलका एलएक्सडीई डेस्कटॉप, बाकीच्यांवर एक्सएफसीई. रॅम कमी असली तरी लिबरऑफिस उघडतं, थोडं सावकाश. इनस्क्रिप्ट कळफलक सगळीकडे लावला. सातवीतल्या मुलीला पहिल्या मशीनवर बसवलं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, मात्रा आणि हलन्त, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एवढं सांगितल्यावर तिने ज, हलन्त, ञ दाबून ‘ज्ञ’ करून बघितला आणि मग गावाचं नाव लिहिलं. बाकीची मुलं तिच्या खुर्चीभोवती जमली. लॅबला कुलूप लागल्यापासून या मुलांनी कीबोर्डला हात लावला नव्हता.

सायंकाळी ५:३०

दोन्ही डिस्कवर मार्करने लिहिलं: डेबियन १३, ६४ बिट, डेबियन १२, ३२ बिट, आजची तारीख. बॉलपेन वापरायचं नाही, ओरखडा पडतो. कव्हरमध्ये घालून कपाटात ठेवल्या, खिडकीपासून लांब, कारण उन्हाने तो रंगाचा थर खराब होतो.

जुनी लॅब भंगारात काढायच्या विचारात असलेल्या शिक्षकांना आणि संस्थाचालकांना एवढंच सांगायचंय: लिलावाची नोटीस लावण्याआधी एक दिवस द्या. आधी सगळ्या मशीनचा बॅकअप घ्या, मग सेल बदला, मग चेकसम जुळलेली एक डिस्क लावून बघा. यातली बरीच मशीन अजून पाच वर्षं मुलांच्या उपयोगी पडतील.