जी-कोड एकच, बोली अनेक: प्रोग्रॅम छोटा असला की मशीन वेगात चालतं का?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर सीएनसी आणि व्हीएमसी मशीन काम करतात. या मशीनना कळणारी भाषा म्हणजे जी-कोड. पण फॅनकचा कंट्रोल आणि सीमेन्सचा कंट्रोल ही भाषा सारखी बोलत नाहीत. त्यामुळे एका मशीनवर हात बसलेल्या ऑपरेटरला दुसऱ्यावर जपून काम करावं लागतं. एका कोडचा अर्थ चुकला तर टूल तुटतं, जॉब बाद होतो.

बोली वेगळ्या का झाल्या?

१९८० साली अमेरिकेत आरएस-२७४-डी आणि १९८२ साली आयएसओ ६९८३ हे प्रमाण आलं. जी०० म्हणजे वेगाने सरकणं, जी०१ म्हणजे सरळ रेषेत कापणं, जी०२ आणि जी०३ म्हणजे गोलाई, हे सगळीकडे सारखंच राहिलं. बाकीचे अनेक कोड कंट्रोल बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीने वापरले.

एकच कोड, अर्थ दोन

फॅनकच्या लेथवर नेहमीच्या सेटिंगमध्ये जी७१ म्हणजे रफ टर्निंगची सायकल. सीमेन्सच्या बोलीत जी७१ म्हणजे 'मापं मिलिमीटरमध्ये घ्या'.

दुसरं उदाहरण थांबण्याचं. जी०४ पी१००० ही ओळ फॅनकवर १ सेकंद थांबवते, कारण तिथे पी मिलिसेकंदात मोजतात. लिनक्ससीएनसीवर पी सेकंदात असतो. तीच ओळ तिथे मशीनला जवळपास १७ मिनिटं थांबवेल!

प्रोग्रॅमचा आकार किती बदलतो?

समजा, एका प्लेटवर २० छिद्रं पाडायची आहेत. प्रत्येक हालचाल वेगळी लिहिली तर छिद्रामागे ४ ओळी, म्हणजे ८० ओळी होतात. जी८१ ही ड्रिलिंग सायकल वापरली तर साधारण २१ ओळींत काम भागतं.

पूर्वी ही बचत फार मोलाची होती. जुन्या कंट्रोलची मेमरी कागदी टेपच्या मीटरमध्ये सांगत. १० मीटर टेप म्हणजे साधारण ४ किलोबाइट.

मग छोटा प्रोग्रॅम वेगवान का?

छिद्रांच्या कामात नाही. ड्रिल तेवढंच खोल, त्याच फीडने जाणार. त्यामुळे ८० ओळी असोत की २१, वेळ जवळपास तेवढाच लागतो.

डाय किंवा पॅटर्नच्या वळणदार पृष्ठभागावर मात्र गणित बदलतं. तिथे वळण हजारो छोट्या रेषांत मोडलेलं असतं. फीड मिनिटाला ६००० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला १०० मिलिमीटर धरू. प्रत्येक रेषा ०.१ मिलिमीटरची असेल, तर कंट्रोलला सेकंदाला १००० ओळी वाचाव्या लागतात. एका ओळीला १ ऐवजी २ मिलिसेकंद लागले, की फीड निम्म्यावर येतं. म्हणूनच नव्या कंट्रोलमध्ये पुढच्या ओळी आधीच वाचून ठेवण्याची सोय असते. काही कंट्रोल छोट्या रेषांऐवजी सलग वक्र आज्ञाही समजतात.

मशीन बदललं तर काय करायचं?

अनेक सीमेन्स कंट्रोलवर जी२९१ दिला की 'आयएसओ डायलेक्ट' सुरू होते आणि फॅनकसारखे कोड चालतात. जी२९० ने पुन्हा मूळ बोलीवर येता येतं. तरीही नवा प्रोग्रॅम आधी सिंगल ब्लॉकवर, टूल जॉबपासून दूर ठेवून चालवून बघावा. दहा मिनिटं जास्त जातील, पण टूल आणि कास्टिंग दोन्ही वाचतील.