पहिला नंबर नक्की कुणाचा?

बारावीचा निकाल लागला, की वर्तमानपत्रांची पाने महाविद्यालयांच्या जाहिरातींनी भरून जातात. ‘देशात अमुक क्रमांक’, ‘पश्चिम भारतात पहिल्या दहांत’, ‘खासगी संस्थांमध्ये सर्वोत्कृष्ट’, अशी एकाहून एक मोठी अक्षरे! एकाच शहरातली तीन महाविद्यालये आपणच पहिली असल्याचे सांगतात आणि गंमत म्हणजे तिन्ही खरे बोलत असू शकतात. प्रत्येकाने सोयीची वेगळी यादी धरलेली असते. फी, वसतिगृह आणि शैक्षणिक कर्जाचे हप्ते यांचा हिशेब मांडून बसलेल्या आईवडिलांना मात्र यातून एकच निर्णय घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर सहजासहजी बदलता येत नाही.

पूर्वी अशा याद्या इंग्रजी साप्ताहिके काढत. नंतर केंद्र सरकारने स्वतःच हे काम अंगावर घेतले. २०१५ मध्ये ‘नॅशनल इन्स्टिट्यूशनल रँकिंग फ्रेमवर्क’, म्हणजेच एन.आय.आर.एफ.ची घोषणा झाली आणि २०१६ मध्ये पहिली यादी आली. कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणाऱ्या महाविद्यालयांची वेगळी यादी २०१७ पासून निघू लागली. दिल्लीचे मिरांडा हाउस सलग अनेक वर्षे तिच्यात पहिले होते. २०२४ मध्ये तो मान दिल्लीच्याच हिंदू कॉलेजकडे गेला.

सरकारी शिक्का असल्यामुळे ही यादी निर्विवाद असेल, असे वाटणे साहजिक आहे. पण क्रमांक येतो कुठून, हे पाहिले पाहिजे. सर्वसाधारण यादीत अध्यापन व साधनसामग्रीला ३० टक्के, संशोधनाला ३० टक्के, विद्यार्थ्यांच्या निकालाला व पुढच्या वाटचालीला २० टक्के, सर्व थरांतील विद्यार्थ्यांना सामावून घेण्याला १० टक्के आणि ‘लोकमता’ला १० टक्के, असे वजन आहे. महाविद्यालयांच्या यादीत अध्यापनाला ४० टक्के मिळतात, संशोधनाला त्याहून बरेच कमी. ही वजने तज्ज्ञांच्या समितीने ठरवलेली आहेत. ती निसर्गनियम नव्हेत.

वजनाने काय फरक पडतो, ते एका काल्पनिक उदाहरणावरून कळेल. एका महाविद्यालयाला अध्यापनात ८० आणि संशोधनात ४० गुण आहेत. दुसऱ्याला अध्यापनात ६० आणि संशोधनात ६५. अध्यापनाला ४० टक्के व संशोधनाला १५ टक्के वजन दिले, तर पहिल्याची बेरीज ३८ होते आणि दुसऱ्याची पावणेचौतीस. दोन्हींना ३० टक्के दिले, तर पहिले ३६ वर येते आणि दुसरे साडेसदतीसवर! वर्गात काहीही बदललेले नाही, एकाही शिक्षकाने एक तासही कमी-जास्त घेतलेला नाही. तरी क्रमांक उलटा झाला. बी.कॉम. करून नोकरीला लागायचे आहे अशा मुलीला प्राध्यापकांच्या शोधनिबंधांचा किती उपयोग, हा प्रश्न कुठलीही यादी तिच्यासाठी सोडवत नाही.

‘लोकमत’ हा तर आणखी नाजूक भाग. नोकरी देणाऱ्या कंपन्या आणि इतर संस्थांतले अध्यापक यांना विचारून हे गुण दिले जातात. दिल्ली, मुंबई, चेन्नईतल्या जुन्या, नामांकित संस्थांची नावे कुणालाही आठवतात. जिल्ह्याच्या ठिकाणचे एखादे चांगले महाविद्यालय शंभर मैलांपलीकडे कुणाला ठाऊक असणार? ज्याचे नाव आहे त्याचेच नाव पुन्हा होते.

शिवाय या स्पर्धेत सगळे उतरतही नाहीत. देशात सुमारे ४५ हजार महाविद्यालये आहेत. २०२४ च्या यादीसाठी त्यांपैकी साडेतीन हजारांहूनही कमी महाविद्यालयांनी अर्ज केले होते. आपल्या गावचे महाविद्यालय यादीत नाही, याचा अर्थ ते वाईट आहे असा होत नाही. कदाचित तिथे माहिती भरून पाठवायला माणूसच नसेल.

खरी मेख आहे ती या माहितीतच. बहुतेक आकडे संस्था स्वतःच भरून देतात. असे आकडे कसे फुगू शकतात, याचे गाजलेले उदाहरण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाचे. ‘यू.एस. न्यूज’च्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर होते. तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी २०२२ मध्ये विद्यापीठाचे आकडे तपासायला घेतले. पदवीच्या ८२.५ टक्के वर्गांत वीसपेक्षा कमी विद्यार्थी असतात, असे विद्यापीठाने कळवले होते. थॅडियस यांच्या हिशेबाने हे प्रमाण जेमतेम ६३ ते ६७ टक्के निघाले. विद्यापीठाने पुढे चूक मान्य केली आणि नव्या यादीत ते अठराव्या क्रमांकावर घसरले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात तर प्रकरण फौजदारी कोर्टात गेले. ऑनलाइन एम.बी.ए.चा क्रमांक वर राहावा म्हणून खोटी माहिती पाठवल्याबद्दल व्यवसाय विभागाच्या माजी डीनना २०२२ मध्ये चौदा महिन्यांची कैद झाली. आपल्याकडे अजून कुणी क्रमांकापायी तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही, पण मोह इथेही तोच आहे.

संशोधनाचे आकडे बाहेरच्या माहितीसाठ्यांतून घेतले जातात, म्हणून ते तरी पक्के असावेत, असे वाटेल. पण ‘सायन्स’ या नियतकालिकाने २०२३ मध्ये एका भारतीय दंतवैद्यक महाविद्यालयाबद्दल लिहिले, की तिथले लेखक आपल्याच संस्थेच्या निबंधांचे संदर्भ भारंभार देतात आणि त्यामुळे संस्थेचा लौकिक वाढतो. मागे घेतल्या गेलेल्या शोधनिबंधांबद्दल गुण कापण्याची पद्धत एन.आय.आर.एफ.ने २०२५ च्या यादीपासून सुरू केली. उशिरा का होईना, हे बरे झाले.

मोठ्या संस्थांनाही या याद्या नेहमीच मान्य असतात असे नाही. मुंबई, दिल्ली, मद्रास यांच्यासह सात आय.आय.टी.ंनी २०२० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स हायर एज्युकेशन’च्या जागतिक यादीवर बहिष्कार टाकला. गुण कसे दिले जातात हे स्पष्ट होत नाही, ही त्यांची तक्रार होती. आय.आय.टी.लाही जो हिशेब उलगडत नाही, तो सामान्य पालकाने डोळे मिटून का मानावा?

तरीही एन.आय.आर.एफ.चा एक मोठा फायदा आहे, आणि त्याकडे पालकांचे फारसे लक्ष जात नाही. भाग घेणाऱ्या संस्थेला भरलेली माहिती आपल्या संकेतस्थळावर जाहीर करावी लागते. क्रमांकापेक्षा ही माहिती कितीतरी उपयोगाची आहे. किती जण पास झाले, त्यांतले किती नोकरीला लागले, किती पुढे शिकायला गेले, हे तिच्यात सापडते. जाहिरातीतली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ पुष्कळदा फक्त नाव नोंदवलेल्यांपुरती असते. इथे पास झालेल्यांचा आकडा शेजारीच असतो.

पगाराचेही तसेच. दहांपैकी नऊ मुलांना तीन लाख आणि एकाला तेहतीस लाख मिळाले, तर सरासरी सहा लाख निघते आणि जाहिरातीत तीच छापून येते. सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर मधल्या मुलाला मिळतात तीनच लाख. एन.आय.आर.एफ.च्या तक्त्यात हा मधला आकडा द्यावा लागतो. मुलाच्या पगारातून कर्ज फेडायचे असेल, तर हिशेब त्याच आकड्यावर मांडावा.

काही संस्थांच्या फाइलींत शिक्षकांची नावे, पदव्या, अनुभव आणि रुजू झाल्याची तारीखही असते. लागोपाठच्या दोन वर्षांच्या फाइली शेजारी ठेवल्या, तर किती शिक्षक टिकले आणि किती सोडून गेले, ते अर्ध्या तासात समजते. ज्या विषयासाठी प्रवेश घ्यायचा आहे, त्या विभागात प्रत्यक्ष कोण शिकवते, हे मग प्रवेशाच्या खिडकीवर नावानिशी विचारता येते.